मिसूरीचं खेचर

जहाजातून उतरलं तेव्हा त्याच्या मानेवर
डागलेला आकडा होता. नाव नव्हतं.
मी म्हणालो, "एला, चल." ढिम्म हललं नाही.
त्याला ग्रीक येत नव्हतं
आणि मला त्याची कुठलीच भाषा.

लेफ्टनंट म्हणाला, झिसिस, जपून वाग याच्याशी,
हे मोठ्या धोरणाचं जनावर आहे.
इंग्रज थकले, त्यांना घरीच कोळसा पुरेना.
मग समुद्रापार कुणीतरी एक लांबलचक तार वाचली,
कुणीतरी नकाशावर रेघ ओढली:
लाल लोंढा इथवर. पुढे नाही.

ती रेघ कुठून गेली, सांगू?
आमच्या अक्रोडाखालून.
अलीकडे मी, आई, दोन शेळ्या.
पलीकडे फोतिस, माझा धाकटा,
जाताना माझेच बूट घालून गेलेला.

दोन पेट्या डावीकडे, दोन उजवीकडे.
गोळ्यांवर काहीतरी छापलंय, वाचता येत नाही.
चढाला बर्फ. गळ्यातली घंटा मी काढून खिशात ठेवली.
लहानपणी फोतिस अंथरुणातूनच
घंटेवरून सांगायचा, कुणाचं जनावर आलं.

तिसऱ्या वळणावर ते थांबलं.
ओढलं, ढकललं, शिव्या घातल्या,
आधी आमच्या, मग लेफ्टनंटकडून शिकलेल्या.
अडेलतट्टू!
जगाला अडवायला आणलेलं
स्वतःच अडून बसलं.

तेवढ्यात वर, खडकाआड
कुणीतरी खोकलं.
हिवाळ्यातला तो कोरडा खोकला;
आई त्यावर ऋषीचा पाला उकळून द्यायची.

"काय रे ते?" लेफ्टनंटनं विचारलं.

मी म्हटलं, खेचर.