खुडूक

लंगडी पुन्हा खुडूक बसलीय
घोरपडीच्या क्वार्टरमागं, कूलरच्या फुटक्या खोक्यात.
अंडी काढली, तर गोट्यावर बसली.
गोटा काढला, तर नुसत्या भुश्श्यावर.

फिलोमिनाबाई म्हणाल्या, बुडव गार पाण्यात,
उतरतं खूळ.
बुडवली.
थरथरली, माझ्यावरच पाणी झटकलं,
आणि ओल्या पिसांनी परत त्याच कोपऱ्यात.

अगं, कोंबडाच नाही आपल्याकडे, मी तिला सांगते.
पहाटे आरवतो म्हणून समोरच्या बंगल्यातून
चौकीत अर्ज गेला होता, टाईप केलेला.
दिवाळीआधीच त्याचा रस्सा झाला.

आज पोटाखाली हात घातला तिच्या.
मनगटावर चोच बसली.
अंडं नव्हतं, गोटा नव्हता,
पण केवढं गरम होतं तिथं!
हात तसाच राहिला माझा
कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत.