सही झाल्यावर

आधी आयलिफ गेला,
मग पाच मिनिटं मोजून तूरलेइफ,
पार्किंगमध्येही दोघा भावांची गाठ पडू नये म्हणून.
कागदावर दोन्ही सह्या आहेत:
होडी थोरल्याला,
किनाऱ्यावरचं लाल खोपट धाकट्याला.
बापाच्या जाळ्यांविषयीची ओळ
कोरीच राहिली. कुणी बोललं नाही, मीही.

ओसलॉग दार लावते, थर्मास उघडते.
डिसेंबरातलं वाडसो; दुपारी तीनलाच
खिडकीत समुद्र नसतो, आमचीच तोंडं असतात.
"समेट झाला, ते कळलं," ती म्हणते.
"बाकीचं सांग."

मी सांगते.
आवाज कधी चढला, मी कुठे थांबवलं,
मधली सुट्टी दहा मिनिटं उशिरा दिली वगैरे.
ती ऐकते. कॉफी फुंकते.
वीस वर्षं हेच काम करून
तिला गप्प बसणं फार छान जमतं.

"पाणी कुणाला ओतलंस?"

मी टेबलाकडे बघते.
आयलिफचा ग्लास दोनदा भरलेला,
काठावर ओठाचा ठसा.
तूरलेइफचा पालथा.
सकाळी मीच मांडला होता तसा,
खालचा कागदी रुमाल कोरडा ठणठणीत.
दोन तास तो माणूस बोलत होता,
अकरा वर्षं बापाला उचलून बसवण्याबद्दल,
आणि तांब्या माझ्या हाताशी होता.

"कधीपासून?"
मला क्षण माहीत आहे. सांगायला वेळ लागतो.
थोरल्याने टेबलावर मूठ आपटली नव्हती,
तो नुसता म्हणाला होता,
*तू तेव्हा इथे नव्हतास.*

आई गेली त्या वर्षी मी बर्गनला होते.
बहिणीने फोनवर हेच वाक्य
याच, थकलेल्या आवाजात म्हटलं होतं.
मी फोन ठेवला होता.

म्हणजे आज मी
मधोमध खुर्ची टाकून बसले होते,
आणि पाणी मात्र
स्वतःलाच ओतत होते.

ओसलॉग मान डोलावत नाही,
असू दे म्हणत नाही.
"जाळ्यांचं काय करायचं?" एवढंच विचारते.
त्याला फोन करायला हवा, मी म्हणते.
कुणाला, ते ती विचारत नाही.

ती गाडीवरचा बर्फ खरवडायला जाते.
मी पालथा ग्लास सुलटा करते, भरते,
मग तो हातात घेऊन उभी राहते
बराच वेळ,
कोट न घालता.