चांदणीची नोट

हेमलता गायधनी, जेलरोड, दुसरा मजला.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
अंगठ्याने पान उलटायचं, नजरेने दोष धरायचा:
कुठे शाई पसरली, कुठे रेघ केसभर सरकली.
आता निवृत्त.
आता मालिका तपासतात.

साडेसहाला दिवाणावर बसतात,
मांडीवर कॅलेंडर, कानामागे पेन्सिल.
जी मालिका गुंडाळणार
तिच्या नावाने एका तारखेभोवती बारीक गोल.
मी समोरच्या ब्लॉकमधला, बिटकोजवळ चष्म्याचं दुकान.
चार वर्षं त्यांच्याशी पैज लावतोय,
पावशेर खारे शेंगदाणे,
आणि चार वर्षं शेंगदाणे मीच आणतोय.

"आधी पडदे बघायचे," त्या सांगतात.
"सासूच्या खोलीतले पडदे सुनेच्या खोलीत लागले
की ओळखायचं, पैसे आटले.
मग लग्नाला बाराच माणसं.
मग कुणीतरी नुसतं फोनवर परदेशी जातं.
स्मृती गेली, तर सहा आठवडे.
जुळा भाऊ उगवला, तर तीन.
आणि साडेआठची उचलून साडेदहाला नेली,
तर दूध विरजून सरळ झोपावं."

"पण एखादी चांगली असते की," मी म्हटलं.
त्यांनी चष्मा पुसला, माझ्याच दुकानातला.
"चांगल्याचा काय संबंध?
मी दोष तपासते."

गणपतीनंतर
खालच्या मजल्यावरची ऋजुता पगार मालिकेत लागली.
गिरणाऱ्याच्या रस्त्याला, द्राक्षबागेतल्या बंगल्यात शूटिंग.
नायिकेची धाकटी नणंद:
चहाचा ट्रे आणायचा,
"वहिनी, खरंच?" विचारायचं,
उरलेला वेळ दारामागून ऐकायचं.
पगारांनी टीव्ही भिंतीवर चढवला, नवं ब्रॅकेट ठोकून.
जिन्यात पोरं एकमेकांना म्हणू लागली,
वहिनी, खरंच?

तिसऱ्या आठवड्यात मला पडदे दिसले.
हिरवे, नेच्याच्या पानांचे.
सोमवारी सासूकडे होते, गुरुवारी इकडे.
मी बाईंकडे पाहिलं.
बाई पंख्याकडे बघत होत्या.

रविवारी ऋजुता वर आली,
केसांच्या कडेला मेकअप राहिलेला.
"काकू, आमची किती दिवस?"
बाईंनी शेंगदाण्यांची सालं फुंकली.
"चालेल तुमची," म्हणाल्या.
कॅलेंडर उशीखाली होतं.

मला वाटलं, खोटं बोलल्या.
म्हणून मीच पैज लावली: दिवाळीआधी बंद.
हे असलं पैज लावणं बरं नाही, हे कळत होतं,
पण एकदा तरी जिंकायचं होतं.

दिवाळी गेली. मालिका गेली नाही.
पडदेसुद्धा नवे आले, मोतिया रंगाचे.
मी शेंगदाणे आणले.
आणि मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी
नणंद ट्रे घेऊन जिना चढली
आणि उतरली ती दुसरीच मुलगी.
खाली पट्टी सरकली, या भूमिकेत आता अमुक अमुक.
घरातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही.
वहिनीने कप उचलला, म्हणाली, साखर कमी आहे.

खाली पगारांचा टीव्ही चालू होता,
खिडकीत निळा उजेड हलत होता,
आवाज नव्हता.

जाहिराती लागल्या, संपल्या. मग बाई म्हणाल्या,
"प्रेसमध्ये एक नोट खराब निघाली
म्हणून आख्खा गठ्ठा टाकत नव्हतो.
ती काढायची, तिच्या जागी दुसरी घालायची,
आकड्यांमध्ये छोटी चांदणी छापलेली.
गठ्ठा शंभरचा शंभर."
"आणि काढलेली?"
"तिच्यात दोष असायचा."
थांबल्या.
"हिच्यात काय होता, ते मला दिसलं नाही.
मी गठ्ठाच बघत बसले."

उशीखालचं कॅलेंडर काढून त्यांनी पानं उलटली, अंगठ्याने.
ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर.
गोल कुठेच नव्हता.
मग शेंगदाण्यांची पुडी माझ्या हातात परत दिली.
"जाताना खाली पगारांकडे देऊन जा.
आणि ही पैज धरायची नाही."