जरा बाजूला व्हाल का

हार्ड डिस्क म्हणते, जागा शिल्लक नाही.
म्हणून डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी
कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर
कीबोर्डशेजारी दाण्यांची वाटी घेऊन
मी वर्ष पुसायला बसले आहे.

अकरा हजार सातशे चौतीस फोटो.
त्यातले निम्मे तरी
एकाच सूर्याचे.

भिगवणला पहाटे तीनला निघालो होतो,
हेरंबच्या गाडीतून, जिचा हीटर
फक्त डाव्या पायाला ऊब देतो.
रोहित पक्ष्यांचे चारशे बारा.
चारशे अकरांत त्यांची पाठ.
लोणारला बाभळीखाली दोन तास
उजेडाची वाट पाहिली,
तो आला तेव्हा लेन्सवर टोपण.
चाळकेवाडीच्या पठारावर सोनकी इतकी पिवळी
की फोटो खोटा वाटतो; मी रंग कमी केला,
मग खरंच खोटा झाला.

(हेरंब मार्चात बदलीवर बंगळूरला गेला.
त्यानंतरची सगळी गावं एसटीने.
वर्षभरात त्याचा एकही फोटो नाही,
दोनदा सावली आली आहे.)

एक फोल्डर आहे, नाव 'माणूस आला'.
नीट जुळून आलेल्या चौकटीत
ऐनवेळी कुणी शिरलं, की तो फोटो तिथे.
सहाशे तेरा आहेत.
मी तर सगळीकडे विचारत होते,
टापकीर गल्लीत जुना घेतलेला कॅमेरा डोळ्याला लावून,
अगदी नम्रपणे:
जरा बाजूला व्हाल का?
आणि लोक होत होते.
छत्रीवाला धनगर झाला, त्याची मेंढरं झाली,
देवळाच्या पायरीवर लसूण सोलणारी बाई
टोपली उचलून उन्हात जाऊन बसली.
तू कोण, असं कुणीच म्हणालं नाही.

पुसायला हेच फोल्डर आधी उघडलं.

तिसऱ्या ओळीत सोपान नगरे.
भिगवणचा नावाडी.
क्षितिज वाकडं, एक डोळा मिटलेला,
हातातली काठी चौकटीबाहेर गेलेली.
त्यानेच सांगितलं होतं,
मॅडम, माझा एक काढा की, मोबाइलात नीट येत न्हाई.
आणि नाव थांबवली होती, जिथे पक्षी नव्हते,
काहीच नव्हतं, नुसतं पाणी.
इथंच काढा, म्हणाला.
खाली आमच्या आज्याची विहीर हाय,
आत्ता बरोबर तिच्या तोंडावर हाय आपण.

मी बघितलं. पाणी सगळीकडे सारखंच.
घाईघाईत एक काढला,
मागे रोहित उडायला लागले होते.
पाठवते हं, म्हणाले.
परतताना त्याने पाण्यात हात घालून वास घेतला,
हसला: तुमच्या पुण्याचंच हाय हे.

अकरा महिने झाले.

धरणाच्या वेळी त्याच्या आज्याला
कुणी, कोणत्या शब्दांत विचारलं असेल,
माहीत नाही.

सोमवारी ऑफिसला जाण्याआधी
लक्ष्मी रस्त्यावर प्रिंट काढून घेतली, आठ बाय बारा.
लॅबमधला मुलगा म्हणाला, क्षितिज सरळ करून देऊ?
नको म्हटलं.
हे मागचे ठिपके काढू? पक्षी आहेत वाटतं.
राहू देत.

पुठ्ठ्यात बांधलेला सोपान स्कूटरच्या डिकीत मावेना,
म्हणून पायाशी उभा केला
आणि म्हात्रे पुलावर थांबले जरा.
खाली मुठा. काळी, फेसाळ, बारीक,
एका बगळ्याला वळसा घालून निघालेली.
कॅमेरा घरी होता.
पार्सल दोन दिवसांत जाईल म्हणाले.
हिला किती लागतात, कुणास ठाऊक,
पण ही पत्ता न विचारता
थेट त्याच्या विहिरीवर पोचते.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला:
ओ ताई, जरा बाजूला.

झाले.