सात नंबरची टाकी

उम्म अल-क्वैनच्या खाडीकाठी, तिवरांच्या मागे,
पत्र्याच्या शेडमध्ये बारा टाक्या.
ऑगस्ट. पाणी चौतीस अंश,
खारट इतकं की कोपरावर सुकलं
तर पांढरी रेघ उरते.

मी खाद्य कालवते.
लसूण वाळवून दळलेला, कलौंजी,
हळद किलोमागे दहा ग्रॅम,
एसी बंद करून, श्वास रोखून
(चिमूट उडाली तर तक्ता चुकतो).
मग तेलाचा हात. ट्रेमध्ये रात्रभर, पंख्याखाली.
सजीवन म्हणतो, चेची, मासे वाढवताय की लोणचं घालताय?

देवगडला फोन लावला तर आई :
काय गो, माशांक औषध?
आमका मासोच औषध होतो.
ती तुकडीला हळद-मीठ चोळायची,
मेलेल्या माशाला, तव्याआधी.
इथे हळद आधी जाते,
जिवंत सोबैतीच्या पोटात, साठ दिवस,
रक्ताला काहीतरी शिकवत.

पी हळद नि हो गोरी, असं इथे नाही.
डॉक्टर मौजांना ही म्हण मोडक्या इंग्रजीत सांगितली.
त्या म्हणाल्या, काळ्या दाण्याबद्दल आमची जुनी माणसं म्हणतात,
मरण सोडून सगळ्यावर औषध.
मग चष्मा पुसत :
आपल्याला नेमकं तेच मोजायचंय.

एकसष्टाव्या दिवशी सगळ्यांना सुई.
व्हिब्रिओ, प्रत्येकाला सारखाच, थेंब मोजून.
टाकी तीनमध्ये तीस, टाकी सातमध्ये तीस.
सातला पहिल्यापासून साधं खाद्य. कंट्रोल.
कंट्रोल म्हणजे
ज्यांच्यासाठी काहीच करायचं नाही, असे.

दुसऱ्या दिवशी डोळे दुधाळले.
तिसऱ्या दिवशी परांच्या मुळाशी लाल चट्टे.
मी जाळीने उचलते, वहीत रेघ मारते,
चार उभ्या, पाचवी त्यांच्यावरून आडवी.
पाण्यात राहून माशाशी वैर नको, म्हणतात.
मी तर पाण्यातही नाही,
रबरी बूट घालून काठावर.

सातला खाद्य टाकण्याआधी
हात तीनदा धुवायचे, नियम आहे.
शुक्रवारी दुपारी शेडमध्ये मी एकटी.
मोफज्जल नमाजाला गेलेला, पंप घरघरत होता.
अकरा उरलेले वर आले, तोंडं उघडून,
माझी सावली त्यांना ओळखीची.
नखांच्या कडा अजून पिवळ्या.
किती असेल ती हळद? नखाएवढी.
आणि आता, सुई टोचून झाल्यावर, तिचा उपयोग तरी काय.
हात पाण्यावर धरून उभी राहिले.
कितीतरी वेळ.
मग जाऊन चौथ्यांदा धुतले.

शेवटी : तीनमध्ये चोवीस. सातमध्ये नऊ.
डॉक्टर मौजांनी मला मिठीच मारली,
हातमोज्यांसकट.
आणि हे नऊ? मी विचारलं.
त्यांनी चुन्याच्या खड्ड्याकडे पाहिलं नाही,
खाडीकडे पाहिलं.
चोवीसही जाणार होते. ते मी विचारलं नव्हतं.

खोलीवर परतताना बाजारातून
एक सोबैती आणली, साफ करून घेतली.
डब्यातून हळद काढली
आणि चिमूट बोटांतच राहिली.
तुकड्या ताटात, तेल तापत होतं,
शेजारच्या खोलीत कुणीतरी मोठ्याने टीव्ही लावला.
बाई, तुला उशीर झाला,
असं काहीसं मनात आलं,
आणि तेल धुरायला लागलं.