बंद पडण्याच्या वेळा

पहिल्यांदा गेला तेव्हा मी पाव मोजत होते.
म्हणजे कागदावरचे. रुस्तावीतल्या तीन भट्ट्यांचे हिशेब,
किती शोती निघाल्या, पिठाची किती पोती,
कोणाचा पगार, कोणाची उचल.
एकशेचाळिसाव्या ओळीवर
पडदा निळा,
मग काळा,
मग कंपनीचं ते चिन्ह, नुकतीच अंघोळ करून आल्यासारखं,
जणू काही झालंच नाही.

भाचा फोनवर म्हणाला, व्हायरस.
सगळं पुसलं, सगळं नव्यानं घातलं,
अख्खा रविवार टक्क्याटक्क्यानं भरणारी पट्टी बघत बसले.
सोमवारी संध्याकाळी पुन्हा.

बाजारातला मुर्मान म्हणाला, तापत असेल.
डबा उघडला. पंख्यात माझ्या मांजरीचे केस,
नमद्यासारखे थापून बसलेले.
मांजर जाऊन दोन वर्षं झाली.
ते मी टाकले नाहीत, काडेपेटीत ठेवले.
(याचा दुरुस्तीशी संबंध नाही.)

मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या,
पुन्हा खोचल्या, कट् असा आवाज येईपर्यंत.
रात्रभर तपासणी लावली. सकाळी उत्तर: दोष शून्य.
चाळीस वर्षं हिशेब तपासलेत मी.
दोष शून्य म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

साप साप म्हणून भुई धोपटून झाली,
तेव्हा वही काढली.
मंगळवार, सात चाळीस. बेरीज करत होते.
मंगळवार, बारा दहा. काहीच नाही, चहा पीत होते.
बुधवार, सात बेचाळीस.
बुधवार, बारा दहा.
रविवारी एकदाही नाही.
तिसऱ्या आठवड्यात आकडे आपोआप रांगेत उभे राहिले.
व्हायरस काही रविवारची सुट्टी घेत नाही.

त्या रात्री बारा दहाला मी पडद्याकडे पाहिलंच नाही.
कान दिला.
भिंतीपलीकडे नाणं पडलं.

आमच्या इमारतीत लिफ्ट फुकट नाही.
वीस तेत्री टाका, मग ती घसा खाकरते,
हिसका देते, निघते.
त्या हिसक्याला दिवा डोळा मिचकावतो.
दिव्याचं भागतं. माझ्या यंत्राचं भागत नव्हतं.

मुर्माननं पॉवर सप्लाय फोडून दाखवला:
कॅपॅसिटरची डोकी वर फुगलेली,
रात्रभर विसरलेल्या कणकेसारखी.
नवा साठ लारींना पडला. त्या दिवसापासून एकदाही नाही.

वही मात्र सुटेना.
सात चाळीस म्हणजे ईझोल्दा, दवाखान्यातून.
बारा दहा म्हणजे बिद्झिना, नववा मजला,
दोन नंबरच्या भट्टीवर पोती वाहतो.
दिवा मिचकावला की मी खूण करते,
आणि काम पुढे चालू.

काल बारा दहा झाले. दिवा स्थिर.
सव्वाबारा.
बारा पंचवीसला मी फाइल सेव्ह केली, दोनदा,
आणि दार उघडलं.

चौथ्या आणि पाचव्याच्या मधल्या पायऱ्यांवर तो बसलेला,
भुवयांत पीठ.
"लिफ्ट बंद आहे का?" मी विचारलं.
"नाही. जरा पाय मोकळे करतोय."
दिवसभर पोती वाहिलेले पाय.
ओळ एकशेचाळीस: उचल वजा जाता, शिल्लक.
वजाबाकी माझीच, आणि बरोबर होती.

"अरे, माझ्याकडे सुट्ट्या पैशांनी नुसता खिसा फाटतोय," म्हणाले,
गाऊनला खिसा नसताना.
आतून नाणं आणून त्याच्या हातात दिलं.
त्यानं ते बोटांत एकदा फिरवलं,
काही बोलला नाही, लिफ्टकडे गेला.

नाणं पडलं. घसा खाकरला. हिसका.
मी धावत आत आले, जुन्या सवयीनं.
दिवा मिचकावून पुन्हा ताठ झाला होता,
पडद्यावर त्याचं नाव होतं, पुढे आकडा होता,
आणि आकड्याशेजारी कर्सर
लुकलुकत उभा होता,
मी काय टाइप करते याची वाट बघत.