अळी मिळी

रात्री दहानंतर कपाळाला टॉर्च बांधून
मागच्या अंगणात उकिडवी बसते मी.
अंगण म्हणजे सोहारच्या रेतीत
शेणखत कालवून केलेली एक पट्टी,
उन्हाळाभर एसीच्या पाण्यावर तगलेली.
फ्लॉवरची बारा रोपं, आठ टोमॅटो,
आणि एक वांगं,
ज्याचं जगायचं की नाही हे अजून ठरत नाहीये.

पानांना भोकं पडू लागली,
कंडक्टरनं तिकिटं पंच करावीत तशी.
खाणारी दिसेना. दिसायची फक्त तिची लेंडी,
मोहरीएवढी, पानाच्या बेचक्यात.
लेंडी दिसली की तिच्या बरोब्बर वर बघायचं,
हे शेजारच्या रय्यानं शिकवलं, बोटानं दाखवून,
कारण तिची हिंदी आणि माझी अरबी
दोन्ही भाजीबाजारापुरत्या.

दुकानदारानं निळी बाटली पुढे केली होती.
"दोन झाकणं मॅडम, सकाळी सगळं साफ."
सगळं म्हणजे कोण कोण, ते मी विचारलं नाही.
आमचा ऋजुल टोमॅटो शर्टाला पुसून
तिथंच उभ्यानं खातो.
बाटली काउंटरवर ठेवून आले.

चौकातल्या कडुनिंबाला रय्या शरीश म्हणते.
जुलैच्या भट्टीत मी त्याच्याखाली निंबोळ्या वेचत होते,
तेव्हा पोलिसाची गाडी थांबली. काय हरवलं?
मी मूठ उघडली.
त्यानं वास घेतला, नाक मुरडलं
आणि काच वर केली.

त्याच निंबोळ्या आता कुटून
उशीच्या जुन्या अभ्र्यात रात्रभर भिजतात.
सकाळी दुधासारखं पाणी, त्यात रिठ्याचा फेस.
फवारायचं मात्र ऊन उतरल्यावर.
इथल्या उन्हात कडूपणा टिकत नाही,
माझाही कुठे टिकला.

आणि त्यानं अळी लगेच मरत नाही.
तिची अन्नावरची वासना उडते,
कात टाकायची वेळ येते नि टाकता येत नाही.
तोवर हा चिमटा
आणि साबणाच्या पाण्याची बरणी.

जानेवारीत ह्यांचा करार संपतो.
फ्लॉवरला गड्डा धरायला फेब्रुवारी उजाडेल.
हे दोघांनाही ठाऊक आहे.
जेवताना फक्त मीठ पुढे करतो आम्ही,
अळी मिळी गुप चिळी.

आज एक सापडली, जागच्या जागी गोठलेली,
अंगाभोवती तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष.
गांधीलमाशीच्या जातीतल्या कुण्या बारीक जिवानं
तिच्या पोटात आपलं घर थाटलेलं.
चिमटा अर्ध्यावर थांबला.

रात्रपाळी रद्द झालेले हे
बूट न काढताच मागे येऊन उभे.
"किती?"
"एकतीस. एक सोडली."
"का गं?"
"तिच्यातून निघतील ते आपल्या बाजूचे."

ते काही बोलले नाहीत.
खाली बसले, गुडघे वाजले,
माझ्या टॉर्चच्या उजेडात एक पान उलटं केलं
आणि म्हणाले,
"इथे लेंडी आहे. वर बघ."